फुदडी

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला माझ्या सगळ्या खोडी पाठ आहेत, पण ही तिलाही ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरं आहे.

आधी ऑफिसबद्दल सांगतो — की हीसुद्धा टाळाटाळच? असेल. डहाणू रोड स्टेशनजवळच्या दोन खोल्या. तिथं आम्ही पाड्यांचा नकाशा बनवत होतो, ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला पाडा सापडावा म्हणून. काम चांगलं होतं. माणसं तेवढी बरी नव्हती. साहेब येईल त्याला डिजिटल क्रांती ऐकवत आणि स्वतःचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवून ठेवत. त्यांच्या मंजुरीशिवाय कुणाचंही काम सर्व्हरवर चढवायचं नाही, असा त्यांचा नियम होता. मंजुरी द्यायला त्यांना वेळ नसे. त्यामुळे सगळ्यांचं काम एकाच सामाईक कॉम्प्युटरवर पडून राही.

मी साहेबांना मनातल्या मनात रोज हसायचो. मी कोण? ऑफिसातला जाणकार. गिट म्हणजे कामाच्या सगळ्या आवृत्त्या जपून ठेवणारं सॉफ्टवेअर. त्यावर मी एक पान वाचलं होतं, आणि बाकीच्यांनी तेही वाचलं नव्हतं.

गिटमध्ये प्रत्येक कामाची वेगळी ब्रांच असते, तिला नाव असतं, कधी नावात मधे तिरकी रेघही. नावाच्या पहिल्या अक्षरांपुढे स्टार (*) टाकला, की त्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या सगळ्या ब्रांच एकदम हाती लागतात. ऑफिसात नवीन लागलेली जिग्ना तलासरीची, शाळा गुजरातीत झालेली. ती स्टारला फुदडी म्हणायची. गुजरातीत तोच शब्द आहे, चांगला आहे. तिनं एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "सर, फुदडी तिरक्या रेघेच्या पलीकडे जाते काय?"

"फुगडी अंगणात घालतात, जिग्नाबेन," मी म्हणालो. "याला स्टार म्हणतात. आणि तो रेघेशी थांबतो. जरा वाचत जा."

सगळे हसले. साहेब सर्वात मोठ्यानं. ती पण हसली — काय करणार होती?

तिचं काम 'सायवन/पाडे' या ब्रांचमध्ये होतं. मधे तिरकी रेघ. सायवन गावच्या पाड्यापाड्यांत फिरून, म्हाताऱ्यांना विचारून तिनं नावं गोळा केली होती. तिथले लोक म्हणतात तशी, सरकारी दप्तरात आहेत तशी नव्हे. सगळी थेट फोनमधून कॉम्प्युटरवर चढवलेली, दुसरी प्रत नाही. एका दुपारी ती उरलेल्या नावांसाठी सायवनला गेली असताना मी साफसफाईला बसलो. 'सायवन-जुनं', 'सायवन-चाचणी' असला कचरा साचला होता. मी सायवनपुढे स्टार टाकला, जी यादी आली ती न वाचता पुसायला लावली. वाचायची कशाला? स्टार रेघेशी थांबतो ना.

एका कमांडमध्ये थांबतो. मी वापरलेल्या कमांडमध्ये थांबत नाही. ते पुढच्या पानावर होतं.

इथवर चूकच म्हणा. चुकीसाठी मी तुम्हाला एवढं बसवून ठेवलं नसतं.

ब्रांच पुसली की फक्त तिचं नाव जातं. काम आत काही आठवडे तसंच राहतं, शोधता येतं. मला येत होतं. ऑफिसात फक्त मलाच येत होतं. पण मी ते काढून दिलं असतं तर पहिला प्रश्न काय आला असता? पुसलं कुणी? आणि कशानं? फुगडीवर हसलेली तीच माणसं मग कुणाला हसली असती?

म्हणून मी गप्प बसलो. नाही — गप्प बसलो असतो तर बरं होतं. जिग्ना परतली आणि तिचं काम सापडेना, तेव्हा साहेबांनी मीटिंग घेतली, क्रांतीच्या मार्गातल्या बेजबाबदारीवर बोलले आणि माझ्याकडे वळले. "तुमचं तांत्रिक मत?"

"नवीन माणसाकडून होतं असं," मी म्हणालो.

जिग्ना माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. सर म्हणतात म्हणजे तसंच असेल, असं. महिनाअखेरीस तिला येऊ नका म्हणून सांगितलं. तोवर मी रोज त्याच कॉम्प्युटरवर बसत होतो. तिचं काम आत होतं आणि मला वाट ठाऊक होती. मग गिटनं आपल्या वेळेला आतला पसारा झाडला आणि ते खरोखरच गेलं. मला हायसं वाटलं. हा शब्द मी जपून वापरतो आहे.

नकाशावर सायवनचे पाडे आता दप्तरातल्या नावांनी आहेत. तिथलं कुणी ती नावं घेत नाही.

जिग्ना तलासरीत भावाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसते. मागे एकदा कामासाठी गेलो होतो, तेव्हा तिनं मला खुर्ची दिली. कागद मशीनवर ठेवता ठेवता म्हणाली, "सर, तेव्हा मी कुठलं खोटं बटण दाबलं, ते अजून समजत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

"जाऊ दे," मी म्हणालो. "होतं असं."

साहेबांना मी अजूनही हसतो. त्यांचा पासवर्ड निदान सगळ्यांना दिसत होता.

हे तिला कळावं म्हणून लिहिलेलं नाही. तिला सांगायचं असतं तर तलासरीची जीप स्टेशनसमोरूनच सुटते.