धाकूचं मध्यंतर

सत्याची चाड आमच्या वाडीत धाकू गोताडाइतकी कुणालाच नाही. असणार तरी कशी? तो आयुष्यभर रत्नागिरीच्या एका थिएटरात डोअरकीपर होता. अंधारात बॅटरी दाखवून लोकांना खुर्चीत बसवायचं आणि मग दाराला टेकून तोच सिनेमा आठवडाभर बघायचा. मारामारीचे सिनेमे त्याला पचत नसत. त्याला लागायचे मनाच्या टोचणीचे. नायक आधी भीतीने गप्प बसतो, मग त्याची झोप उडते आणि शेवटी भर कोर्टात उभा राहून तो खरं बोलतो. मध्यंतरापर्यंत माणूस घाबरला तर चालतं, पुढे नाही, असा धाकूचा सिद्धांत होता.

थिएटर बंद पडलं आणि हा सिद्धांत वाडीच्या वाट्याला आला. कुणी शेजाऱ्याच्या हद्दीतले काजू वेचले की धाकू त्याला पडवीत बसवून एका न्यायाधीशाची गोष्ट सांगायचा. सांगता सांगता स्वतःच रडायचा. काजू मात्र परत गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

यंदा शिमग्याला मुंबईहून धाकूचा शेजारी केरू आला. येताना त्याने धाकूसाठी भिंतभर टीव्ही आणला. केरूचं मन मोठं, त्याला धाकटी भावजय मालन आणि तिची विहीर एवढंच काय ते खुपत होतं. भाऊ वारल्यापासून मालन एकटीच तो तुकडा कसत होती. दोघांच्या जमिनींमध्ये जांभ्या दगडांचा गडगा, म्हणजे हद्दीची भिंत होती, आणि विहीर, आमच्या बोलीत बाव, गडग्याच्या अलीकडे, मालनकडे होती.

देवाची पालखी सहाणेवर, तिच्या चौथऱ्यावर, बसली त्या दिवशी सगळी वाडी, मालनसकट, तिकडे गेली. केरू पाठ धरली म्हणून घरी राहिला. मग बाहेरगावचे गडी आले, आणि त्या दुखऱ्या पाठीच्या देखरेखीखाली दिवस मावळायच्या आत गडगा चालत चालत विहिरीच्या पलीकडे जाऊन बसला.

हे कुणीही पाहिलं नाही. धाकू सोडून. नवा टीव्ही आणि त्यात टोचणीचा सिनेमा, म्हणून तो पालखीला गेलाच नव्हता. पडवीतून सगळं दिसत होतं.

गडगा पूर्वीपासून तिथेच होता, असं केरू म्हणाला. खरं काय ते वाडीत सगळ्यांना कळत होतं, पण केरूशी वाकडं कोण घेणार? बैठक ठरली, आणि पाहणारा कुणी असेल तर त्याने सांगावं, असं ठरलं. मालन धाकूकडे आली.

"भावजी, तुमी बगितलाव. तेवढाच सांगा. माला आनखी काय नको."

धाकूची झोप उडाली. सिनेमाच्या हिशेबाने सगळं बरोबर चाललं होतं. पण सिनेमातल्या नायकाला देवळात जाऊन कौल लावायची सोय नसते, आमच्या धाकूला होती. तो गुरवाकडे गेला. देवाच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं: खरं बोलू का? उजवी पाकळी पडली. म्हणजे बोल. धाकूला वाटलं, देवाला नीट ऐकू गेलं नसावं. पुन्हा लावला, पुन्हा उजवी. मग त्याने प्रश्न फिरवला: गप्प बसू का? डावी पडली. देवाचं म्हणणं काही बदलेना. शेवटी त्याने विचारलं, ह्या बैठकीत नको, पुढच्या एखाद्या बैठकीत बोललं तर? पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. बहुधा देव कंटाळला होता. धाकूने मात्र तोच कौल घेतला: देव गप्प आहे, तर मी कोण बोलणारा?

बैठकीत धाकू पहिल्या रांगेत बसला. कुणी काही पाहिलंय का, असं विचारल्यावर मालन त्याच्याकडे बघत राहिली. तो खाली बघत राहिला. विहीर केरूची झाली. मला त्या वेळी त्याचा इतका राग आला की त्याची ती न्यायाधीशाची गोष्ट एकदमच आठवली.

मे महिन्यात मालन खालच्या पऱ्यावरून, म्हणजे ओढ्यावरून, पाणी वाहू लागली. वाट धाकूच्या अंगणातून जाते. एका संध्याकाळी मी पडवीत बसलो होतो. टीव्हीवर साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला होता आणि धाकू उपरण्याने डोळे पुसत होता. डोक्यावर कळशी घेतलेली मालन अंगणात थांबली. धाकूला काय वाटलं कोण जाणे, त्याने तिला हाताने खुणावलं आणि म्हणाला, "बघ, आता तो खरा बोलनार."

मालनने खरोखर पाहिलं. साक्षीदाराचं बोलून होईपर्यंत ती उभी राहिली.

"भावजी," ती म्हणाली, "ह्यो मानूस तुमच्या घरात ऱ्हायला आसता, तर माझी बाव वाचली आसती."

आवाज चढवला नाही की काही नाही. कळशी सावरली आणि गेली.

धाकू अजूनही रोज सिनेमा लावतो. मध्यंतर आलं की बंद करतो. पुढचं ठाऊक आहे, म्हणतो.