ऑलिव्हचा डबा आणि चटणीतलं आळं

ऑलिव्हचं तेल आमच्या घरी आलं ते आमच्या यांच्याही आधी. यांना दवाखान्यातून दुपारी सोडणार होते, आणि मुलगा सकाळीच एक हिरवी बाटली आणि एक पत्र्याचा डबा ओट्यावर ठेवून गेला. डब्यावर झाडाची फांदी होती, फांदीला बोरांसारखी फळं, आणि खाली मला न वाचता येणारी अक्षरं. हे तेल खाऊन तिकडची माणसं शंभरी गाठतात, असं मुलगा म्हणाला. तिकडच्या माणसांना बिल्डरला जमीन देताना भाऊबंदांशी भांडावं लागत नसेल, म्हणूनही गाठत असतील. पण नवरा जिवंत घरी येत होता, त्या दिवशी मी तेलावरून वाद घालणार नव्हते.

यांच्या छातीत कळ आली, हृदयाच्या नळीत जाळी बसवली, आणि घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "तेल कमी करा." एवढंच म्हणाले. मग आमच्या घरात त्यावर बैठक झाली आणि ठरलं की तेल बदलायचं. कमी करणं हा गरिबाचा उपाय झाला. आम्ही मारुंजीतली जमीन दिलेली माणसं. जिथे आमचा इंद्रायणीचा भात डोलायचा तिथे आता टॉवर उभे आहेत, त्यातल्याच एकात वरच्या मजल्यावर मुलगा-सून राहतात, आणि आम्ही दोघं खाली आमच्या जुन्या घराच्या जागी बांधलेल्या इमारतीत, वरच्या खोल्या भाड्याने देऊन. मुलाच्या बाल्कनीतून आमचं स्वयंपाकघर दिसतं. तिथून तो आमच्या तब्येतीवर लक्ष ठेवतो.

"आई, आजपासून ते घाण्याचं तेल बंद. टोटल बंद," तो म्हणाला.

ओट्याखालचा शेंगदाणा तेलाचा कॅन सुनेने उचलून गॅलरीत ठेवला, चपलांच्या शेजारी. सून वाईट नाही. ती मोबाइलवर वाचते, एवढंच.

पहिल्या दिवशी मी हिरव्या बाटलीतलं तेल कढईत ओतलं, चांगलं तापू दिलं आणि मोहरी टाकली. मोहरी तडतडायच्या आधी स्वयंपाकघर धुराने भरलं. घशात असा कडवटपणा बसला की वरच्या खोलीतला भाडेकरू धावत खाली आला, "आंटी, कुछ जल रहा है क्या?" जळत होतं ते हृदयाला चांगलं होतं, हे त्याला हिंदीत कसं सांगणार? संध्याकाळी सुनेने मोबाइल बघून सांगितलं, "आई, हिरवं तापवायचं नसतं. ते कच्चं खायचं, सॅलडवर. फोडणीला डब्यातलं."

आमच्या घरी सॅलड म्हणजे ताटात कापून ठेवलेला कांदा. त्यावर तेल ओतायची बुद्धी आजवर कुणाला झाली नव्हती.

मग डब्यातलं सुरू झालं. त्याला ना वास, ना चव. मोहरी तडतडायची, हिंग फुलायचा, पण शेजारणीला कळायचंही नाही की आज आपल्याकडे वांगं आहे. आणि मग नणंदबाई आल्या, ताम्हिणीहून, भावाला बघायला. येताना कारळे घेऊन आल्या, शेतातले. भावाच्या उशाशी बसून रडून झाल्यावर स्वयंपाकघरात आल्या आणि डबा हातात घेऊन त्यांनी सगळीकडून बघितला.

"वैनी, काळजाला चांगलं हाय म्हनत्यात ना ह्ये?"

"तसं म्हनत्यात खरं."

"मंग हात का आखडता घेतीस? घाल की सडळ हातानं! माझा भाव हाय त्यो!"

यात चूक काढायला मला काही सापडलं नाही, हेच माझं दुर्दैव. औषध जितकं जास्त तितका गुण लवकर, असं आमच्याकडे सगळ्यांनाच वाटतं. मी पळी भरून घालू लागले. आमटीवर तवंग यायला लागला, बटाट्याची भाजी ताटात पाझरायला लागली, चपातीलाही वरून तेल लागायला लागलं. मुलगा बाल्कनीतून खूश, सून मोबाइलवरून खूश. जाताना नणंदबाई गॅलरीतला घाण्याच्या तेलाचा कॅन उचलून घेऊन गेल्या. त्यांच्या काळजाची आम्ही कुणी काळजी केली नाही.

खूश नव्हते ते फक्त हे. म्हणजे असतील की नसतील ते मला कळत नव्हतं, कारण हे काही बोलतच नव्हते.

या माणसाने माझ्याशी उभा जन्म मिठावरून भांडण केलंय. मीठ कमी पडलं तर ताट सरकवायचं, जास्त पडलं तर पाहुण्यांसमोर तांब्याभर पाणी पिऊन दाखवायचं. माझ्या हातचं मीठ बरोबर पडलं असं कधी झालंच नाही. आणि आता ताटात काहीही वाढलं की हे अर्धी भाकरी खायचे, उरलेली तशीच ठेवायचे आणि म्हणायचे, "चांगलं हाय."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातली पळी ठेवून यांच्या कपाळाला हात लावून बघितला. कळ आली त्या रात्रीही मी इतकी घाबरले नव्हते. तेव्हा निदान हे माझ्यावर ओरडत होते.

विजार कमरेवर थांबेना. गालांची हाडं दिसायला लागली. आणि आळं करायचं यांनी सोडलं. आमच्याकडे कारळ्याची चटणी ताटात वाढली की तिचा ढीग करतात, मधोमध बोटाने खळगा करतात, आणि त्या आळ्यात कच्चं तेल घेतात. हे आळं करायचे आणि माझ्याकडे न बघताच ताट पुढे सरकवायचे, मी काठोकाठ तेल ओतायची. 'घाल' नाही, 'बास' नाही. आमच्यात प्रेमाचं म्हणून जे काही झालं ते सगळं त्या आळ्यात झालं असं मी म्हटलं, तर ते फार खोटं होणार नाही. आता चटणी वाढली की ती ताटाच्या कडेला तशीच कोरडी पडून राहायची. माणूस असा हळूहळू जेवणातून उठतो आणि मग घरातूनच उठतो, हे मी आमच्या भावकीत पाहिलं होतं. मला रात्री झोप लागेना.

पुन्हा तपासणीला गेलो. सगळेच गेलो, गाडी भरून. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले. वजन उतरलं होतं आणि रक्तातली चरबी मात्र होती तिथेच मुक्काम करून होती.

"तेल किती वापरता?" त्यांनी विचारलं.

"ऑलिव्हचं हाय, डॉक्टर," मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

"हो, पण किती?"

मी हाताने पळीची खोली दाखवली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, मी कमी करा म्हटलं होतं. तेल कुठलंही असलं तरी शेवटी तेलच. चहाच्या चमच्याने मोजून घाला, हे घाला नाहीतर शेंगदाण्याचं घाला."

मुलगा एकदम मोबाइलमध्ये कंपनीचं काहीतरी बघू लागला. सून मात्र हळूच "सॉरी, आई," म्हणाली. खोटं का बोलू, बरं वाटलं.

परत येताना हिंजवडीच्या सिग्नलला गाडी अडकली, आणि हे कितीतरी दिवसांनी आपणहून बोलले.

"म्हंजे घाण्याचं चाललं असतं?"

"चमचाभर चाललं असतं."

"तरी म्हनलं," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी केली, दोडक्याची भाजी केली आणि नणंदबाईंचे कारळे भाजून चटणी कुटली. भाजीत तेल इतकं थोडं की दोडका शिजला तो केवळ माझ्या शब्दाला मान देऊन. हे पाटावर बसले. चटणीकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या चहाच्या चमच्याकडे बघितलं. आणि बोटाने चटणीत आळं केलं. लहानसं, चमचाभर तेल मावेल एवढंच. ताट माझ्याकडे सरकवलं.

मी बाटलीचं झाकण काढलं. "घाण्याचं संपलंय. वन्सं घेऊन गेल्या. ही हिरवी बाटलीच हाय."

"कच्चंच खायचं असतंय ना त्ये? मंग घाल."

मी चमचा ओतला. आळं काठोकाठ भरलं. यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला, तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिले. मी यांच्या जबड्याकडे बघत बसले होते. बाल्कनीतून कुणी बघत असेल तर बघू दे, असं मनात आलं.

हे गिळून म्हणाले, "मीठ कमी हाय."

माझे डोळे भरून आले. पदराने पुसले आणि आवाज चढवला. "डॉक्टरांनी मीठबी कमी सांगितलंय! त्ये न्हाई वाचलं व्हय मोबाइलात कुणी?"

"मंग हिला चटणी कशाला म्हनायचं?"

"नका म्हनू. माती म्हना. पर खावा!"

"मातीला तरी चव असतीय."

मग भांडण जुंपलं. वरचा भाडेकरू पुन्हा जिन्यापर्यंत येऊन ऐकून गेला. भांडण भाकरी संपेपर्यंत चाललं, आणि भाकरी संपली, अख्खी.