धरणाच्या पायथ्याचं छोटं वीजघर

पुण्याजवळच्या एका धरणाच्या पायथ्याशी आमचं छोटंसं वीजघर होतं. दोन मशीन आणि मोजून आठ माणसं. मी तिथे इंजिनिअर होतो. "दिवसभर करता काय हो तिथे?" असं कुणी विचारलं, की मी एखादा किस्सा सांगायचो. त्यातून दुसरा निघायचा आणि समोरच्याचा चहा गार व्हायचा.

*

शनिवार पेठेत आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहायचे. आमच्या विजेवर जेमतेम चार गावं चालतात, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं होतं. एका गुरुवारी मी तापाने घरी पडलो होतो आणि नेमकी दुपारी वीज गेली. मास्तर जिना चढून आले, दारातूनच मला पाहिलं आणि म्हणाले, "अच्छा. आज आपण रजेवर आहात तर."

*

नव्वद सालानंतर परदेशी कंपन्या आल्या, तसं आमच्याकडेही नवं पॅनेल आलं. एका सकाळी मशीन एकदम बंद. आमचे ऑपरेटर गायकवाड यांनी पॅनेल उघडलं, तर आत पाल चिकटून मेलेली. कंपनीचा फॉर्म इंग्रजीत भरायचा होता. ‘बिघडलेला पार्ट’ या रकान्यात गायकवाडांनी सरळ इंग्रजी अक्षरांत ‘पाल’ लिहिलं.

महिन्याभराने उत्तर आलं. हा पार्ट आमच्या यादीत सापडत नाही, कृपया नमुना पाठवावा.

गायकवाडांनी मला शांतपणे विचारलं, "जिवंत पाठवायचा का, साहेब?"

*

पुढे कॉम्प्युटर आला. तो बसवायला वैदेही नावाची सॉफ्टवेअर इंजिनिअर आली होती. स्क्रीनवर सगळं हिरवंगार. गायकवाडांनी मशीनजवळच्या रेलिंगवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "दोन नंबरचं बेअरिंग कुरकुरतंय." उघडून पाहिलं, तर खरंच झिजलं होतं.

वैदेहीला राग आला नाही, कुतूहल वाटलं. आठ दिवस ती वही घेऊन त्यांच्याशेजारी उभी राहिली, रेलिंगवर हात ठेवून, डोळे मिटून. भुणभुण म्हणजे ठीक, कुरकुर म्हणजे लक्ष ठेवा, खरखर म्हणजे बंद करा. ती गेली तेव्हा स्क्रीनवर हे तिन्ही शब्द आले होते.

तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी स्क्रीन वाचून विचारलं, "ही कुरकुर कुणाची?"

"मशीनची," गायकवाड म्हणाले. "आमची नोंदवायला कॉलम नाही."

*

हौसाबाई दर उन्हाळ्यात एसटीने यायच्या. त्यांचं गाव या धरणात बुडालेलं. गायकवाडांकडे त्यांची एकच विनंती असायची. "मशीन जरा जोरात चालवा की. पाणी उतरलं म्हंजी माजं घर दिसंल."

किती पाणी सोडायचं ते वरून ठरतं, हे गायकवाड दरवर्षी समजावून सांगायचे. त्या ऐकून घ्यायच्या, तासभर काठावर बसायच्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच म्हणायच्या.

एका वर्षी पाऊस फारच लांबला. पाणी कधी नव्हे इतकं खाली गेलं. हौसाबाईंचा गायकवाडांना निरोप आला, साहेबांना घेऊन चहाला घरी या.

भेगा पडलेल्या गाळातून आम्ही चालत गेलो. घर म्हणजे गुडघाभर उंचीच्या चार भिंती उरल्या होत्या. मध्ये तीन दगड मांडून त्यांनी चहा ठेवला होता. मी समोरची भिंत ओलांडायला पाय उचलला.

"तिकडनं न्हाई साहेब," हौसाबाई म्हणाल्या. "दारातनं या."

आम्ही वळसा घालून गेलो, बाहेर चपला काढल्या आणि दारातून आत शिरलो.