आमच्या शिवारातली मध्यपूर्व

फोन आला तेव्हा मी उसाला पाणी देत होतो. पलीकडं बबन, आमचा जुना गडी. "आण्णा, कुठं हाय तुमी?" त्यानं विचारलं. "अतिपूर्वेत," मी म्हणालो. "मग तसंच निघा... बाई गेल्या." बाई म्हणजे माझ्या थोरल्या भावजय, कुसुमवहिनी. फावडं तिथंच टाकून चिखलाच्या पायांनी मी त्यांच्या घराकडं निघालो, आणि खोटं कशाला सांगू, रडू यायच्या आधी मला राग आला. त्या गेल्याची खबर ऐकताना मी कुठं उभा होतो, हे सांगायलासुद्धा मला त्यांचाच शब्द लागला होता. 'अतिपूर्व' हे त्या वावराला वहिनींनी दिलेलं नाव. राहात्याजवळच्या आमच्या शिवारातली बहुतेक नावं त्यांचीच. आता दीड-दोन महिने होऊन गेले, राग काही गेलेला नाही.

वहिनी राजूरच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा आमच्याकडं त्यांना सगळे 'डोंगरातली' म्हणायचे. एकदा पंगतीत कुणीतरी तोंडावरच म्हणालं, तेव्हा वाढता वाढता थांबून त्या म्हणाल्या, "आणि आमच्याकडं तुम्हाला खालच्या अंगाचे म्हणतात. पण तुम्ही स्वतःला कधी खालचे म्हणता का?" पंगत हसली. सगळ्यात मोठ्यांदा हसले नाना, माझे वडील. त्या दिवशी मी ताट अर्धवट ठेवून उठलो. घरात मी पहिला पदवीधर, तोही इतिहासाचा. तोवर नाना मला गावभर मिरवत होते. हायस्कुलात भूगोल शिकवणारी सून आली आणि माझं मिरवणं संपलं.

संध्याकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की नाना हाक मारायचे, "सूनबाई, हे आखात म्हणजे नेमकं कुठं गं?" मी शेजारीच बसलेला असायचो. मला विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं का? पण नाही. वहिनी पदराला हात पुसत यायच्या, पाण्यात बोट बुडवून फरशीवर नकाशा काढायच्या आणि तो वाळायच्या आत सांगून मोकळ्या. आशिया हे नाव म्हणे आधी समुद्राकाठच्या एका लहानशा पट्ट्याचं होतं, ग्रीक लोकांच्या तोंडून पसरत पसरत ते पार चीनच्या पलीकडं गेलं. सिंधूच्या पलीकडचे लोक इकडं बघून हिंद म्हणाले, म्हणून आपण हिंदुस्थान. "नाव ठेवणारा कायम पलीकडं बसलेला असतो, नाना," त्या म्हणायच्या. नाना अशी मान डोलवायचे की जणू कीर्तनच चाललंय! इतिहासाची पदवी घेतलेला मी नुसता शेंगा सोलत बसायचो.

नाना एकदा म्हणाले, "आपल्या वावरांना पण दे की नावं." झालं! दोन विहिरींच्या मधल्या वावरात पाण्यावरून भाऊबंदांशी कायमची कटकट, त्याचं नाव मध्यपूर्व. "तिथं तेल, इथं पाणी. भांडण तेच," असं त्यांचं म्हणणं. ओढ्याकडचं, घरापासून पूर्वेला सगळ्यात लांबचं ते अतिपूर्व. मला वाटलं, चार दिवसांची गंमत आहे, विसरतील लोक. कसचं काय! महिन्याभरात बबन "मदपूर्वेत नांगर घातला" म्हणायला लागला, मग ट्रॅक्टरवाला, मग ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. नाना शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा मी उशाशी होतो. डोळे उघडून त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "सूनबाई कुठंय? मध्यपूर्वेतला गहू कसा आलाय?" गहू मी पेरला होता...

वाटणीत मला अतिपूर्व आली. मी तिथंच घर बांधलं. दादा आणि वहिनी जुन्या घरी. वास्तूच्या दिवशी वहिनी आल्या तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "वहिनी, ही अतिपूर्व कुणाची? माझ्या ओट्यावर उभ्या राहा. सूर्य आणखी पुढं, त्या बाभळींमागून उगवतो. इथून पाहिलं तर तुम्हीच लांब." वहिनी खुदकन हसल्या. म्हणाल्या, "जपानी माणूसही हेच म्हणत असेल, भाऊजी. पण नकाशा काढणारा विलायतेत बसला होता. आणि इथं मी चुलीपाशी बसलेय, त्याला काय करणार?" सगळे हसले. बायकोसुद्धा! मी इरेला पेटलो. श्रीरामपूरहून पेंटर आणला, 'सूर्योदय मळा' असा ठसठशीत बोर्ड करून घेतला. बबननं तो दोनदा वाचला, डोक्यावर घेतला आणि म्हणाला, "लई झ्याक झालाय, आण्णा. अतिपूर्वेतच लावायचा ना?" तो बोर्ड सध्या कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे.

पुढं आम्ही दोघा भावांनी मिळून पाटापलीकडं, जुन्या घराच्या पश्चिमेला एक वावर घेतलं, पेरू लावले. त्या दिवशी वहिनी आपण होऊन म्हणाल्या, "भाऊजी, याचं नाव तुम्ही ठेवायचं. मी तोंडातून ब्र काढणार नाही." माझ्यासाठी दिलदारपणा दाखवत होत्या की गंमत बघत होत्या, देव जाणे. मला काही सुचेना. वर्षं गेली. वहिनी निवृत्त झाल्या आणि रोज संध्याकाळी त्याच पेरूंत जाऊन बसायला लागल्या, बांधावर पोतं टाकून. दिसलो की विचारायच्या, "ठरलं का?" जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हाही म्हणाल्या, "बघा, जिल्ह्याचं ठरलं. तुमचं अजून नाही." मी चिडून म्हणालो, "एसटीत अजून लोक नगरचंच तिकीट मागतात." त्या म्हणाल्या, "मागणारच. नाव पाटीवर लिहितो एकजण, तोंडात बसवतात दुसरेच."

आणि मग एका सकाळी, ओट्यावर चहा पिताना, मला सुचलं. अतिपश्चिम! माझ्या ओट्यावरून मोजलेलं. ते वावर अतिपश्चिम झालं की त्यांची चूल आपोआप मध्यपश्चिमेत. इतक्या वर्षांची परतफेड एका शब्दात. मी एकटाच हसलो. धावत जाऊन सांगणार होतो, पण वहिनी दवाखान्यात होत्या. भेटायला गेलो तर आवाज पार खोल गेलेला, तरी पहिला प्रश्न तोच, "ठरलं का?" "ठरलंय," मी म्हणालो. त्यांचे डोळे चमकले. "सांगा की." "घरी या आधी. तुमच्या चुलीपाशी उभा राहून सांगणार आहे." "लबाड," त्या म्हणाल्या. त्या घरी आल्याच नाहीत. आयुष्यात एकदा वहिनींना निरुत्तर करायची वेळ आली होती, तीही त्यांनी मला मिळू दिली नाही.

चौदावा झाल्यावर मी बबनला पाटावर उभं करून सांगितलं, "आजपासून या वावराला अतिपश्चिम म्हणायचं. का, ते पण ऐकून घे." त्यानं सगळं ऐकलं, मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी दारात हजर. "आण्णा, बाईंच्या वावरात ठिबकची नळी फुटलीया." मी म्हणालो, "कुठं?" "बाईंच्या वावरात हो... बाई बसायच्या तिथं." मी चपला घातल्या आणि त्याच्यामागं निघालो. दुकानदार, पेरूचा व्यापारी, दादासुद्धा आता तेच म्हणतात. वहिनींनी ब्र काढला नव्हता. शब्द पाळला त्यांनी!

परवा संध्याकाळी मी त्या बांधावर बसलो होतो. पोतं अजून तिथंच आहे, पावसानं कुजलेलं, कुणी उचललं नाही. तिथून त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते. मी मनाशी दोन-तीनदा म्हणून पाहिलं, अतिपश्चिम, अतिपश्चिम. ऐकून हसणारंच कुणी नाही, तर काय चव? तेवढ्यात बायकोचा फोन आला. "कुठं आहात? चहाची वेळ गेली."

"बाईंच्या वावरात," मी म्हणालो.

थोड्या वेळानं ती थर्मास घेऊन पाटावरून सरळ माझ्यापाशी आली.