गार गाडीचे मिस्त्री

गाडी गरम असेल तर मिस्त्री तिला हात लावत नसत. हात लावत नसत म्हणजे एकदाच लावत. बॉनेटवर तळवा ठेवायचा, क्षणभर थांबायचं आणि मान हलवून निघायचं. "उद्या येतो. आज ती काय सांगनार नाय." ठाण्यातले इतर मेकॅनिक गाडी गॅरेजात घेऊन या म्हणत. गॅरेजपर्यंत जाताजाता गाडी तापायची, तिथे एका फटक्यात सुरू व्हायची आणि मेकॅनिक माझ्या वडिलांकडे, अण्णांकडे, संशयाने बघायचे. मिस्त्री मात्र उजाडण्यापूर्वी स्वतः चालत आमच्या दारी येत. सगळे त्यांना गार गाडीचे मिस्त्री म्हणत. त्यांचं खरं नाव मला फार उशिरा कळलं, आणि ते त्यांना शोभत नव्हतं.

ते कोळी. बाळकुमच्या पलीकडे खाडीच्या काठाला त्यांचं घर होतं. वडील, भाऊ सगळे होडीवर. हे एकटेच महायुद्धाच्या काळात कल्याणच्या लष्करी छावणीत ट्रक दुरुस्त करायला शिकले आणि पुन्हा जाळ्याला बसले नाहीत. भाऊबंद त्यांना 'सायेब' म्हणून चिडवत. ते हसत नसत आणि रागावतही नसत. मला ते आवडण्याचं पहिलं कारण हेच असावं. वर्गातल्या मुली माझ्या मराठीला हसत आणि आळीतल्या मुली माझ्या इंग्रजीला, तेव्हा काय करायचं ते मला ठाऊक नसे.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. आई जाऊन वर्ष झालं होतं. अण्णा डॉक्टर. घर बाळकुमच्या बाजूला, दवाखाना आणि माझी कॉन्व्हेंट शाळा ठाण्यात. सकाळी अण्णा मला गाडीतून सोडत. त्या वीस मिनिटांत आम्ही फार बोलत नसू. गिअर बदलताना अण्णा "हं" म्हणत आणि मी ते मला उद्देशून आहे असं धरून चालत असे. घरी आल्यावर ते वरच्या खोलीत जात आणि मी खालच्या. त्यामुळे दिवसातली ती वीस मिनिटंच काय ती आमची होती.

त्या वर्षी थंडी पडू लागली आणि गाडी सकाळी अडायला लागली. स्टार्टर फिरे, इंजिन खोकल्यासारखं करी आणि गप्प होई. एकदा जवळच्या कोलशेतहून एका बाईच्या बाळंतपणासाठी पहाटे माणूस बोलवायला आला. गाडी पाऊण तास सुरू झाली नाही. शेवटी अण्णा त्या माणसाबरोबर धावत गेले. बाई वाचली, मूल वाचलं नाही. अण्णा दोन दिवस जेवायच्या पाटावर नुसते बसत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "संक्रांतीनंतर गाडी विकतो. मी दवाखान्यावरच्या खोलीत राहीन. तू पुण्याला आत्याकडे जा. तिथे चांगलं बोर्डिंग आहे." मी "बरं" म्हटलं. मला दुसरं काही म्हणता येत नसे.

त्याच आठवड्यात कुणीतरी मिस्त्रींविषयी सांगितलं.

पहिल्या सकाळी ते चाकाशेजारी उकिडवे बसले आणि अण्णांना म्हणाले, "डाक्तर, मारा स्टाटर." अण्णांनी मारला. मिस्त्रींनी डोळे मिटून ऐकलं. "बॅटरी भक्कम हाय. पेट्रोल येतंय, वास हाय. म्हंजे ठिनगीच पडत नसंल." मी चहा नेला तर त्यांनी कप बाजूला ठेवला. "आदी तिला चालू होऊ दे, मंग मना." अर्ध्या तासाने गाडी कशीबशी सुरू झाली. तोवर चहा गार पाणी झाला होता. तो त्यांनी तसाच पिऊन टाकला. गाडीला ते गारी म्हणत. जाताना म्हणाले, "रातभर गारीला कोनी हात लावाचा नाय. उद्या जशी झोपली तशीच मना दिसली पायजे."

मी तो नियम मोडला. मोडला म्हणजे पाळू शकले नाही. गाडी पहिल्यांदा अडली त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी तिच्यावर आईची गोधडी घालत असे. जुन्या नऊवारीची, जाड. अण्णा खाली येण्यापूर्वी, अंधारातच, मी ती काढून घेई. आईच्या वस्तू कपाटाबाहेर दिसल्या की अण्णा खोलीतून निघून जात, म्हणून हे लपून. गाडीला गारठा लागतो, तर पांघरूण घालावं, इतकंच मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री सांगितलेल्या वेळेच्या आधी आले. मी गोधडी ओढत होते आणि समोर ते उभे होते. त्यांनी गोधडीचं टोक हातात घेऊन पिळलं. पाण्याची धार लागली. गाडीच्या शेडला तीन बाजूंनी भिंती नव्हत्या. वरचा पत्रा खाडीच्या धुक्याने रात्रभर ठिबकायचा आणि ते पाणी गोधडी पिऊन घ्यायची. त्या काळच्या बॉनेटला मधोमध बिजागरीची फट असे, तिच्यातून ते आत झिरपे. मिस्त्रींनी बॉनेट उघडून प्लगना करंट वाटणारी काळी टोपी काढली आणि मला आतून दाखवली. आत थेंब होते.

"कोनाची गोधडी?"

"आईची."

त्यांनी गोधडीची टोकं जुळवून तिची नीट घडी केली, जशी घरातली बाई करते तशी. "घरात ने. सुकव, आन तू पांघर. गारीला कसाला?"

अण्णा खाली आले तोवर टोपी पुसून जागेवर बसली होती. पहिल्या फटक्यात गाडी सुरू झाली. अण्णांनी विचारलं, "काय होतं हो?"

"चोकची तार ढिली व्हती, डाक्तर. आवळली," मिस्त्री म्हणाले आणि गरम चहा मागितला.

तिसऱ्या दिवशी ते खांद्यावर जुन्या शिडाचं कापड घेऊन आले. पत्र्याखाली बांबू आडवे बांधून त्यांनी ते उतरतं ताणलं, म्हणजे ठिबकणारं पाणी कडेला जाईल. "आमचे बापाचं शीड हाय. होडीवर नाय गेलो, निदान ह्ये तरी कामाला यील." त्यांच्याविषयी त्यांच्याच तोंडून मी ऐकलेलं हे एवढंच.

गाडी विकली गेली नाही. आत्याला अण्णांनी पत्र लिहिलं आणि मी घरीच राहिले. त्यानंतर चार हिवाळे मिस्त्री अधूनमधून येत, गाडी गार असताना तिच्यावर हात ठेवत आणि मला "बाय, बरी हायस ना" विचारत. मी "हो" म्हणे. पण ती पाऊण तासाची पहाट माझ्या मनातून गेली नाही. त्या रात्रीही गोधडी गाडीवर होती; त्या माणसाची हाक ऐकून मी ती घाईने काढून घेतली होती. तार खरंच ढिली होती का, की ती मिस्त्रींनी अण्णांसाठी, किंवा माझ्यासाठी, ढिली म्हणून सांगितली होती? गाडी गोधडीच्या आधीही अडली होती, हे खरं. पण तेवढं पुरेसं नव्हतं.

मी कॉलेजच्या होस्टेलला निघाले त्या दिवशी मिस्त्री निरोप द्यायला आले. अण्णांनी गाडी सुरू करून ठेवली होती आणि ते ट्रंक आणायला आत गेले होते. चार वर्षं साठवलेला धीर मी एकवटला. "मिस्त्री, कोलशेतच्या बाईच्या वेळी... तार ढिली होती, की माझ्या गोधडीनं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बॉनेटवर तळवा ठेवला, नेहमीसारखा, क्षणभर.

"गरम हाय, बाय. गरम गारीचं मना काय कलत नाय."

पुढच्याच वर्षी ते गेल्याचं अण्णांच्या पत्रात वाचलं. तीन ओळींत. शीड अजून शेडमध्ये आहे, असंही खाली लिहिलं होतं. मी पत्र घडी करून ठेवलं, टोकं जुळवून. होस्टेलच्या थंड सकाळी ती गोधडी पांघरून पडले असताना एकच गोष्ट मनात यायची. मी आदल्या दिवशी विचारायला हवं होतं, गाडी गार असताना.