स्वतःच्याच घरात भाडेकरू

त्या वर्षी अमेरिकेतल्या आमच्या डब्लिनच्या पॉटलकला, म्हणजे घरटी एकेक पदार्थ आणून होणाऱ्या जेवणाला, गप्पांत मधुमेह मागे पडला आणि इस्टेट टॅक्स पुढे आला. सगळे निवृत्त डॉक्टर-इंजिनिअर. माणूस गेल्यावर मागे राहणाऱ्या मालमत्तेला करातून जी सूट मिळते, ती वर्षअखेर जवळजवळ निम्म्यावर येणार, म्हणून जो तो मुलांच्या नावे काहीतरी करत सुटला होता. ज्यांची मालमत्ता त्या मर्यादेच्या आसपासही नव्हती, तेही चिंतेत. चिंता नाही म्हणावं, तर तेवढा पैसा नाही हे कबूल केल्यासारखं होतं. सगळ्यांत जास्त चिंता आमच्या ह्यांना.

वकीलबाईंनी आमचे कागद पाहिले आणि म्हणाल्या, सूट निम्मी झाली तरी तुम्हाला काडीचा फरक पडत नाही. तरीही राहतं घर मुलाला गिफ्ट द्यायचंच असेल तर द्या, पण पुढे तिथे राहायचं तर त्याला बाजारभावाने भाडं भरा, नाहीतर करासाठी घर तुमचंच धरतील.

"नो प्रॉब्लेम," हे म्हणाले.

म्हणजे ज्या ओट्यापाशी माझा जन्म गेला, त्याचं भाडं मी सिअ‍ॅटलला बसलेल्या पोराला द्यायचं. माझं डोकंच फिरलं.

घर दोघांच्या नावावर, त्यामुळे माझ्या सहीशिवाय गाडी पुढे सरकणार नव्हती. मी भांडले नाही. एरवी मी कॅलेंडरात चतुर्थीसुद्धा बघत नाही, पण आता रोज पंचांग उघडू लागले. सहीचं नाव निघालं की अमावस्या, नाहीतर दिवसच वाईट, मग गुरूचा अस्त. आयुष्य ऑपरेशन थिएटरमध्ये घालवलेला हा माणूस मुहूर्ताला हसायचा, पण मोडायचा नाही.

आणि जुलैत कायदाच बदलला. सूट निम्मी व्हायच्याऐवजी वाढली, आणि कायमचीही झाली. पुढच्या पॉटलकला, घाईघाईने तळ्याकाठचं लेक हाउस मुलांना देऊन बसलेले एक गृहस्थ मुकाट्याने जेवत होते. हे मात्र प्रत्येकाला गाठून सांगत होते, "आय न्यू इट, यार. म्हणून तर थांबलो." मी श्रीखंड वाढत राहिले.

घरी परतताना कारमध्ये मी चिडवलं, "वाचलात. नाहीतर पोराला भाडं भरत बसला असतात."

हे हसले नाहीत. "भाड्याचं काय गं," म्हणाले. "घर त्याचं असतं, तर बघायला तरी आला असता."

त्याला येऊन तीन वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला फोन लावला. "बाबा घर विकायला काढतायत. तुझ्या खोलीतलं सामान येऊन घेऊन जा."

"वॉट? आई, माय रूम? वेट, आय अ‍ॅम कमिंग."

संध्याकाळपर्यंत त्याचं तिकीट काढून झालं होतं. शुक्रवारी येतोय, एवढंच मी ह्यांना सांगितलं. कशाला, असं ह्यांनी विचारलंच नाही. किल्ली उचलली आणि त्याचं आवडतं आंब्याचं आइस्क्रीम आणायला गेले.