जुन्या किल्लीचं दार

माझे काका कुलपं बसवतात, किल्ल्या बनवतात. बोलणं बेताचं, आणि त्यातलंही निम्मं काकूशी भांडण्यात खर्च होतं. कुलूप बदलायला कुणी बोलावलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "घरात माणसं किती?" तितक्या किल्ल्या ते बनवणार आणि ज्याची त्याच्या हातात देणार. "तुम्हाला कशाला नसत्या चौकशा?" असं कुणी म्हटलं, की पेटी उचलून चालू लागतात. गिऱ्हाईक तोडण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं एका मुलीमुळे.

कॉलेजातली पोर, पाठीला सॅक. दुकानात येऊन तिने किल्ली पुढे केली. "काका, ही लागत नाहीये. जरा घासून द्या ना."

"घरी कुणी नाही?"

"आहेत ना. टीव्हीचा आवाज येतो. बेल बिघडलीय बहुतेक. काल मैत्रिणीकडे झोपले."

काकांनी कानस उचलली आणि तशीच ठेवली. किल्ली त्यांच्याच हातची होती. पेटीतून त्यांनी एक जुनं लॅच काढलं आणि ती त्यात घालून फिरवली. अलगद फिरली. लॅचच्या कडेला दाराचा निळा रंग लागलेला होता. पोर त्या रंगाकडे बघत राहिली. आदल्या दिवशी तिच्या बापाने, किल्ली हरवली असं सांगून, काकांकडूनच लॅच बदलून घेतलं होतं.

काका तिला घेऊन घरी गेले. बाप दारातच उभा. "हिचं आणि माझ्या दुसऱ्या बायकोचं पटत नाही. रोजची कटकट. मोठी झालीय, बघेल स्वतःचं."

त्यानंतर ती मैत्रिणींकडे राहिली. आधी कौतुक झालं, मग मैत्रिणींच्या आयांचे चेहरे बदलले. पुढे बसस्टँडचा बाक. अंघोळीचीच सोय नाही तिथे वर्गात कुणाशेजारी बसणार? कॉलेज सुटलं. लोक मात्र तिला उपदेश करत होते, जिद्द ठेव म्हणून. मला अजून राग येतो. आधी झोपायला जागा द्या, मग काय तो उपदेश करा!

काका जेवताना हे सांगत हळहळले, तेव्हा काकू उसळली. "सगळ्या जगाची कुलपं उघडता, आणि आपली माळ्यावरची खोली भंगाराने भरलेली!"

खोली रिकामी झाली. काकांनी तिला बसस्टँडवरून आणलं, तिच्यासमोर दाराला लॅच बसवलं. तिने किल्लीसाठी हात पुढे केला.

"नवी कशाला? तुझी आहे की."

तिने सॅक चाचपून ती जुनी किल्ली काढली. लावली. फिरली.

ती आत गेली, दार लावलं. मग उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं.

"अहो, लॅच खराब करेल ती," खालून काकू म्हणाली.

"करू दे," काका म्हणाले.